दुसरं टोक टेबलावर मोकळं होतं

आधीच सांगते, मी या धाग्यावरचे किस्से वाचून हसणारी बाई आहे. वडाखालचा म्हातारा, बाईकच्या मागच्या सीटवर आपोआप येऊन बसलेली बाई, अमावास्येला वाजणारी पैंजणं… आमच्या घरी असल्या गोष्टींना दारातूनच हाकलायचे. बाबांनी कधी कोणाची नजर उतरवू दिली नाही. मांजर आडवी गेली की ते मुद्दाम जोरात पाय टाकायचे. आणि माझं स्वतःचं काम मीटर, सोल्डर आणि वायरींचं. वायरीतून काय जातं आणि काय जाऊच शकत नाही, हे मला पोळ्या लाटण्याइतकं पाठ आहे… म्हणजे होतं. म्हणून हे लिहिताना मलाच माझी लाज वाटते. तरी लिहिते, कारण मला उत्तर पाहिजे. ते कशासाठी पाहिजे, हे वाचत गेलात की समजेल.

जरीपटक्याच्या मार्केटमागे एका गल्लीत आमचं दुकान आहे. एक शटर, आत समोरासमोर दोन टेबलं, आणि मे महिन्यात गरमच हवा फेकणारा एक कूलर. बाबांनी सुरू केलं, त्यांच्यानंतर मी आणि माझा धाकटा भाऊ मिलिंद चालवत होतो. काम काय, तर सिरीयल वायरी बनवायच्या. आता तुम्ही म्हणाल, या जमान्यात सिरीयल वायर कोण वापरतं? बाप्पा, विचारू नका. ट्रक मोजायचे काटे, पॅथॉलॉजी लॅबमधली मशीनं, हिंगण्याकडच्या कारखान्यांतली लोखंड कापायची जुनी सीएनसी… ही मशीनं मरत नाहीत आणि त्यांना यूएसबी कळत नाही. आणि ऑनलाइन मागवलेली रेडिमेड वायर निम्म्या वेळा चालत नाही. मग लोक शोधत शोधत आमच्या गल्लीत येतात.

थोडं समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. ही वायर मुळात मोडेमसाठी होती. कॉम्प्युटर मोडेमशी बोलणार, मोडेम फोनच्या लाईनवर बोलणार. पण दोन्ही मशीनं एकाच खोलीत असतील तर मधे मोडेम कशाला पाहिजे? सरळ एकमेकांना जोडायची. फक्त साधी वायर लावली तर याचं तोंड त्याच्या तोंडाला लागतं आणि कान कानाला. दोघंही बोलत बसतात, ऐकत कोणीच नाही. म्हणून वायर आतून उलटवायची. इकडची दोन नंबरची पिन तिकडच्या तीनला, तीनची दोनला, पाचची पाचला. बाबा एवढंच सांगायचे, याचं तोंड त्याच्या कानाला लावा, बस.

बाबांच्या दोन सवयी होत्या. वायर जिथे कनेक्टरच्या टोपणात शिरते, तिथे आतल्या बाजूला ते एक बारीक गाठ मारायचे. कोणी वायर ओढली तर झटका सोल्डरला बसू नये, गाठीला बसावा म्हणून. आता टोपणातच क्लॅम्प येतो, गाठीची काही गरज राहिली नाही. तरी मी मारते. हात आपोआप जातो. मिलिंदने मात्र कधी मारली नाही. मला चिडवायचा, "काय वं ताई, वायर बनवते का पोलकं शिवते?"

दुसरी सवय टेस्टिंगची. वायर झाली की तिची दोन्ही टोकं दोन टेबलांवरच्या दोन जुन्या कॉम्प्युटरांना लावायची. ज्याने बनवली त्याने इकडून टाईप करायचं, दुसऱ्याने तिकडे वाचायचं. पण बाबांची ताकीद होती – एक दोन तीन चार लिहायचं नाही, टेस्ट टेस्ट लिहायचं नाही. माणसाशी बोलतो तसं काहीतरी लिहा. आपल्या रोजच्या वाक्यातलं एक अक्षर जरी गळालं तरी डोळ्याला खटकतं, आकड्यांत खटकत नाही. मी कायम JAI BHIM लिहायची. आणि मिलिंद…

आई हॉस्पिटलात आया होती, तिच्या ड्युट्यांचा काही ठिकाणा नसायचा. मिलिंद माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. शाळेतून सरळ दुकानात यायचा, दप्तर फेकायचा, आणि डबा काढून त्याला वाढायचं काम माझं. बाबांनी त्याला पहिल्यांदा टेस्टिंगला बसवलं तेव्हा त्याने एका बोटाने, अक्षर शोधत शोधत लिहिलं – TAI BHUK  LAGLI. मधे दोनदा जागा सुटली होती, कारण तो स्पेसबार मुठीने दाबायचा. मी पलीकडून लिहिलं, HAT DHU. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

तेव्हापासून तेच. पोट्टा मोठा झाला, मिशा आल्या, लग्न झालं, लेक झाली, तरी याची प्रत्येक वायर त्याच वाक्याने पास व्हायची. तेच एक बोट, मधे तीच दोनदा सुटलेली जागा. आणि मी तेच उत्तर लिहायची. गिऱ्हाईक समोर असेल तर आम्ही दोघं तोंड गंभीर करून बसायचो. हे घरात वैशालीलाही, म्हणजे त्याच्या बायकोलाही, नीट माहीत नव्हतं. सांगण्यासारखं काय आहे त्यात.

आता मुद्द्यावर येते.

कोराडीच्या रस्त्याला एक खाजगी काटा आहे. राखेचे आणि कोळशाचे ट्रक तिथे वजनाला थांबतात. काट्याच्या केबिनमध्ये एक डब्बा असतो, त्याच्यावर वजन दिसतं. त्या डब्ब्यातून एक सिरीयल वायर कॉम्प्युटरला जाते आणि कॉम्प्युटरमधून पावती निघते. ती वायर आमच्या दुकानची. हे गिऱ्हाईक बरेच दिवस मिलिंद एकटाच सांभाळत होता. मी एकदा म्हटलं की मी जाऊन येते, तर म्हणाला, कायले उन्हातान्हात जाते, तिकडे राख उडून राहिली, तुला खोकला होईल. मला इतकं बरं वाटलं होतं. भावाला काळजी आहे, असं मी घरी जाऊन नवऱ्याला कौतुकाने सांगितलं होतं. आता आठवलं की कानशिलं तापतात.

एके दिवशी सकाळी मिलिंदला फोन आला आणि त्याने मला म्हटलं, ताई, तुलाही चालावं लागते, वजनमापाचे साहेब आले आहेत. एका ट्रान्सपोर्टवाल्याने तक्रार केली होती की या काट्यावर माझ्या गाडीचं वजन वेगळं भरतं. साहेबांनी येऊन पाहिलं तर डब्ब्यावर एक आकडा आणि पावतीवर दुसरा. मधे फक्त वायर. त्यांनी कॉम्प्युटरकडचं टोपण उघडलं, तर आत नखाएवढी एक इलेक्ट्रॉनिक पट्टी बसवलेली. येणारं वजन ती वाटेत बदलून पुढे पाठवत होती. टोपणावर स्टिकर आमच्या दुकानचं.

आम्ही पोचलो तेव्हा केबिनमध्ये काट्याचे मालक घाम पुसत बसले होते. त्यांचं एकच म्हणणं, मला काही माहीत नाही, वायर बाहेरून बनवून आणली. साहेब शांत माणूस, आवाज चढवत नव्हते. त्यांनी उघडलेलं टोपण आमच्यासमोर ठेवलं आणि विचारलं की दुकानात वायरी कोण बनवतं. मी म्हटलं, आम्ही दोघंही बनवतो. मग ही कोणी बनवली? मी वाकून पाहिलं. खरं सांगते, पाहायच्या आधी माझ्या मनात काही नव्हतं. मला वाटलं की मालकानेच कोणाकडून तरी नंतर उघडून घेतली असेल.

आत गाठ होती.

बारीक, घट्ट, जशी मी मारते तशी. रंगही माझेच. दोनला पांढरा, तीनला हिरवा. मिलिंद हाताला येईल तो रंग लावतो. मी पाहत राहिले. माझाच हात, पण मी ती वायर जन्मात बनवली नव्हती. पट्टी मला बसवताही येत नाही, तसली प्रोग्रामिंगची कामं मिलिंदच करायचा. मी मान वर केली आणि त्याच्याकडे पाहिलं. म्हटलं आता हा बोलेल. साहेबांना सांगेल की ताईला असलं काही येत नाही.

तो टोपणाकडे पाहत म्हणाला, "साहेब, गाठ ताई मारते. मी कधी मारत नाही."

एवढंच. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. तो कधी मारत नसे, हे खरंच होतं. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं की याने ती मारली. आयुष्यात पहिल्यांदा मारली. म्हणजे वायर बनवताना, कोणी पकडायच्या कितीतरी आधी, शांतपणे दुकानात माझ्यासमोरच्या टेबलावर बसून त्याने ठरवलं होतं की पुढेमागे सापडलंच तर ताईवर जाईल. मी त्याच दिवशी त्याला चहाही दिला असेल. माणूस घाबरून खोटं बोलतो, ते मी समजू शकते. पण गाठ मारायला वेळ लागतो हो. वायर वळवावी लागते, चिमट्याने ओढावी लागते. तेवढ्या वेळात एकदाही याला माझी आठवण आली नाही? की माझीच आठवण ठेवून मारली?

मी म्हटलं, साहेब, मी नाही बनवली ही. साहेबांनी मान हलवली, लिहून घेतलं. दोन दिवसांत ऑफिसला येऊन लेखी जबाब द्या म्हणाले. मग त्यांना पाहायचं होतं की ती पट्टी काढली तर डब्बा आणि कॉम्प्युटर एकच आकडा दाखवतात का. पट्टी त्यांनी आधीच कापून काढून पाकिटात घातली होती, पाकीट त्यांच्या खिशात. वायरी लोंबत होत्या. जोडून देता का म्हणाले. मिलिंद जागचा हलला नाही. मी माझी बॅग उघडली आणि केबिनच्या टेबलावर बसून सोल्डर लावलं. टोपण पुन्हा बंद केलं. आता त्या वायरीत तीन तारा, दोन कनेक्टर आणि ती गाठ, याच्याशिवाय काहीही नव्हतं. हे नीट लक्षात ठेवा.

पोर्टला लावायच्या आधी मी माझ्या लॅपटॉपवर तपासते. जुना आहे, त्याला सिरीयल पोर्ट आहे, सर्विसला जाताना कायम बॅगेत असतो. एक टोक लॅपटॉपला लावलं. टर्मिनलची, म्हणजे वायरीतून आलेली अक्षरं दाखवणाऱ्या प्रोग्रामची, नवीन खिडकी उघडली, काळी, कोरी. दुसरं टोक डब्ब्याला लावायचं होतं, ते टेबलावर ठेवलं. साहेबांच्या चष्म्याच्या डब्बीशेजारी. कशालाच लागलेलं नव्हतं. भर दुपार होती, दार उघडं, बाहेर ट्रकांचे हॉर्न. मी ओढणीने घाम पुसत होते. दोन्ही हात तोंडाशी होते.

स्क्रीनवर T आला.

मला वाटलं कचरा. मोकळ्या टोकातून कधी कधी कचरा येतो – चौकोन, प्रश्नचिन्हं, वाकडीतिकडी अक्षरं. मग A आला. मग I. सावकाश, एकेक, कोणी अक्षर शोधून शोधून दाबावं तसे. मग एक जागा, आणि B, H, U, K. मग कर्सर एकदा सरकला, थांबला, पुन्हा एकदा सरकला. पुढचं काय येणार हे मला माहीत होतं. LAGLI.

TAI BHUK  LAGLI.

मी मिलिंदकडे पाहिलं. तो माझ्या मागेच उभा होता, त्याने वाचलं होतं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. मालकांनी मान लांब करून विचारलं, "मॅडम, ये क्या आ रहा है?" साहेबांनीही पाहिलं, पण इंग्रजी अक्षरातलं मराठी त्यांच्या लक्षात आलं नसावं, किंवा त्यांना ते माझ्या लॅपटॉपमधलं काहीतरी वाटलं असावं. मी म्हणाले, काही नाही, लाईनमधला कचरा आहे, आणि वायर खेचून काढली. का असं म्हणाले, माहीत नाही. समोर त्यांना सांगायचं तरी काय? की ही वायर ज्याच्या हाताने झाली त्याचं नाव सांगून राहिली? मलाच वेड्यात काढलं असतं. मिलिंद बाहेर निघून गेला. मग मी वायर डब्ब्याला आणि कॉम्प्युटरला लावली. दोन्हीकडे आकडा एकच आला, साहेबांनी वायर काढून सील केली आणि सोबत नेली. मी ऑटोने एकटी परत आले.

दुकानात पोचले तर शटर अर्धं खाली आणि मिलिंद आत. त्याच्या टेबलावर नाही, माझ्या टेबलाशी उभा. मी वाटेत ठरवून आले होते की एकच प्रश्न विचारायचा. विचारला. "गाठ काहून मारली तू?"

त्याने उलट मलाच विचारलं, "तू आधी सांग, लॅपटॉपमध्ये काय भरून ठेवलं होतं?"

मला समजायलाच वेळ लागला. त्याला वाटत होतं की ते मी केलं. माझा लॅपटॉप, वायर माझ्या हातात, टोपण मी बंद केलं. त्याच्या डोक्यात हिशेब पक्का बसला होता की मला आधीपासून सगळं माहीत होतं, मी त्याने टेस्टिंगला टाईप केलेलं कधीतरी गुपचूप साठवून ठेवलं, आणि साहेबांसमोर त्याला घाबरवायला बरोबर वेळेवर चालवलं. मी म्हटलं, मिलिंद, शपथेवर सांगते, मी बोटही लावलं नाही. तो हसला. असं कधी हसत नाही तो.

"कधीपासून पाळत ठेवून राहिली माह्यावर? अन् ठेवली तर ठेवली. तेच वाक्य सापडलं तुले? ते तरी सोडायचं होतं, ताई."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. बघा आता. ज्याने मला फसवलं त्याच्या डोळ्यांत पाणी, आणि मी कोरडी ठक्क उभी. मला इतका राग आला की मी हातातली बॅग टेबलावर आपटली. म्हटलं, तू माझ्या नावाने चोरी केली, माझ्या हाताची नक्कल केली, आणि रडून तूच राहिला? लाज वाटू दे काही. त्याने त्याचा मीटर आणि सोल्डरिंगची बंदूक उचलली आणि निघून गेला. पट्टी कशासाठी बसवली, हे मला त्याने आजपर्यंत सांगितलेलं नाही.

मला जबाब द्यायला जावंच लागलं नाही. दुसऱ्या दिवशी मिलिंद स्वतः त्या ऑफिसात गेला आणि लिहून देऊन आला की वायर मी बनवली, पट्टी मालकांच्या सांगण्यावरून मी बसवली, बहिणीचा संबंध नाही. त्याला खात्री होती की माझ्याकडे पुरावा आहे आणि मी तो पुढे करणारच आहे. म्हणून आधी स्वतः गेला. त्यामुळे माझं नाव सुटलं. केस चालू आहे, तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही. मिलिंद आता मौद्याकडे कोणाच्या तरी हाताखाली काम करतो.

नाव सुटलं म्हणून लोक मला म्हणतात, वाचलीस. हो, वाचले. काटेवाल्यांमध्ये, लॅबवाल्यांमध्ये मला कोणी काही म्हणत नाही. पण आमच्या नातेवाईकांत गोष्ट वेगळीच पोचली आहे. मिलिंदने सगळ्यांना सांगितलं की माझं चुकलं, मी कबूल केलं, पण ताईने कॉम्प्युटरमध्ये कायतरी लावून मला साहेबांसमोर सापळ्यात पकडलं. सख्ख्या भावाला. समजावलं नाही, घरात बोलली नाही, सरळ जाळं लावलं. लोकांना हे फार पटतं. भावाची चूक पैशाची, ती माणसं विसरतात. बहिणीचा कावा कोणी विसरत नाही. वैशाली माझा फोन उचलत नाही. भाची, जिला मी न्हाऊ-माखू घातलं, ती रस्त्यात दिसली तर दुसऱ्या बाजूने जाते.

आणि मी काय सांगू? माझ्या नवऱ्याला मी सगळं खरं सांगितलं. चांगला माणूस आहे, पण तोही आधी म्हणाला, स्टॅटिक असेल, हवेतली वीज. मी म्हटलं, स्टॅटिकला मराठी येतं का? मग म्हणाला, लॅपटॉपमध्ये जुनं काही राहिलं असेल. तेही पाहिलं. टर्मिनल काही साठवत नाही, मी ते सेटिंग कधी चालूच केलेलं नाही, आणि आमचं टेस्टिंग दुकानातल्या कॉम्प्युटरांवर व्हायचं, या लॅपटॉपवर नाही. मिलिंद या लॅपटॉपला हात लावत नसे, म्हणायचा की याची बटणं घट्ट आहेत. वायरच्या पिना एकमेकींना लागल्या असतील, असं एका ओळखीच्या इंजिनियरने सुचवलं. लागल्या असत्या तरी मी जे टाईप केलं असतं तेच परत आलं असतं. मी काही टाईपच केलं नव्हतं. ती पट्टी म्हणाल, तर ती साहेबांच्या खिशात होती. ती वायर आता सीलबंद पडली आहे, मला पुन्हा मिळायची नाही. मी तशीच दुसरी बनवून पाहिली. तेच रंग, तीच गाठ, एक टोक मोकळं. अख्खी दुपार स्क्रीनसमोर बसले. कचरासुद्धा आला नाही.

मागच्या महिन्यात आमच्या आतेबहिणीच्या मुलाचं लग्न होतं, कामठी रोडच्या एका हॉलमध्ये. मी जाणार नव्हते, पण आत्या म्हातारी आहे, तिने दोनदा फोन केला. जेवणाच्या वेळी तिनेच काय केलं, माझा हात धरून मला मिलिंदच्या टेबलावर नेऊन बसवलं आणि स्वतः मधे बसली. म्हणाली, दोघं एका ताटात जेवलेले आहात, आता पुरे करा. वैशालीने तोंड फिरवलं. मिलिंद बारीक झालेला दिसला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मला एकदम वाटलं की हा आता बोलेल, त्या गाठीबद्दल काहीतरी म्हणेल, आणि मी लगेच विसरून जाईन. खरंच विसरले असते. मी इतकी थकले आहे या सगळ्याने.

तो म्हणाला, "माह्यं चुकलं ते मी लिहून दिलं. तू फक्त एवढं म्हण, की हो, मी केलं. मले राग नाही राहणार."

मी म्हणाले, "मी नाही केलं."

आजूबाजूची माणसं जेवायची थांबली होती. आत्या एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती. मला क्षणभर वाटलं की खोटंच हो म्हणावं आणि मोकळं व्हावं. एका शब्दाने भाऊ परत मिळत होता. पण जे मी केलं नाही ते कबूल करायचं, ते पुन्हा याच्याच खातर? ते माझ्याने झालं नाही.

मिलिंदने हातातला घास ताटात ठेवला. मग त्याने अगदी हळू विचारलं, रागाने नाही, खरंच कळत नाही अशा आवाजात –

"आपण भूत तर मानत नाही. मग सांग ना ताई, तुझ्याशिवाय कोण राहिलं?"

सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. तो ताट तसंच ठेवून उठला आणि वैशाली त्याच्या मागे गेली.

म्हणून इथे विचारते आहे. तुमच्यात कोणी इलेक्ट्रॉनिक्सवाले असतील, सिरीयल पोर्टवर काम केलेले जुने लोक असतील, तर सांगा. मोकळ्या वायरीतून असं येऊ शकतं का? साधं, कागदावर काढून दाखवता येईल असं काहीतरी कारण द्या. ते मी त्याच्याकडे घेऊन जाईन. माझ्याकडे अजून एकही नाही.